झाकलेला पट्टा

आबा, मला भीती वाटते आहे. सांगायचं एवढंच होतं, पण ते सांगायला इथे कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. पलीकडच्या खोलीत माझी विद्यार्थिनी संगणकासमोर बसली आहे आणि मला आत जायची मनाई आहे. माझ्याच विभागात, माझ्याच विद्यार्थिनीच्या खोलीत. ही मनाई मी स्वतः ओढवून घेतली. आत प्रोग्रॅम चालू आहे, त्याला दोन-अडीच तास लागतात. तो संपला की एक आलेख उमटेल. त्यात एका ठरावीक जागी उंचवटा दिसला तर या पोरीची तीन वर्षं कारणी लागतील आणि आमचं म्हणणं जगापुढे ठेवता येईल. नाही दिसला तर गेल्या वर्षी दिसलेला उंचवटा आकड्यांत नव्हता, माझ्या नजरेत होता, असं ठरेल. जळगावचा मे महिना आहे, कूलर नुसताच गरम वारा फेकतो आहे. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होता त्याहून मी आता मोठी आहे. या वयात परीक्षेच्या निकालाची वाट पाहिल्यासारखं दाराकडे बघत बसावं, हे शोभत नाही, पण बसले आहे.

मी काय शोधते हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणून मोकळी झाले. धुळ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जन्मभर परिचर म्हणून काम केलेल्या माणसाला मी हे म्हणत होते! अर्ध्या प्राध्यापकांना जो स्पेक्ट्रोमीटर लावता येत नसे तो तुम्ही बोलता बोलता लावून द्यायचात. तर ऐका. अणूच्या पोटात केंद्रक, केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, त्यांच्या पोटात क्वार्क. या क्वार्कांना एकत्र धरून ठेवतो तो ग्लुऑन, म्हणजे डिंक समजा. आपला बाभळीचा डिंक कागदाला कागद चिकटवतो. पण हा डिंक स्वतःलाही चिकटतो. मग कागद मुळीच नसताना नुसत्या डिंकाचा गोळा बनायला हवा, असं गणित सांगतं. त्याला ग्लूबॉल म्हणतात. गणित सांगून अर्धं शतक झालं, पण 'हाच तो' असं अजून कुणी ठामपणे म्हणू शकलेलं नाही. दावेदार आहेत, पण त्यांच्यात साध्या क्वार्कवाल्या कणांची भेसळ असते आणि डिंक किती, कागद किती, यावर भांडणं चालू आहेत. मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाला असता. "डिंकना गोया शोधाले इतला लोक?" हो आबा, इतले लोक. आणि त्यांतली दोन माणसं जळगावात.

यंत्र इथे नाही, फार लांब परदेशात आहे. तिथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवतात. त्यातून एक जड कण तयार होतो आणि लगेच फुटतो. कधी कधी फुटताना तो प्रकाशाचा एक कण बाहेर फेकतो आणि मागे जे उरतं त्यात बहुतेक सगळा डिंक असतो. गोळा सापडायचा तर तिथेच. पण तो क्षणाच्या कितव्या तरी भागात विरून जातो, प्रत्यक्ष दिसत नाही. त्याचे तुकडे तेवढे यंत्रात नोंदले जातात. त्या तुकड्यांची बेरीज करून मूळचं वजन काढायचं, असं कोट्यवधी वेळा करायचं आणि आलेख मांडायचा. जिथे खरा कण होता तिथे उंचवटा येतो. आता एवढ्या ढिगातून नेमके कामाचे तुकडे निवडायला अटी लावाव्या लागतात: प्रकाशकणाची ऊर्जा एवढीच हवी, कोन एवढाच हवा. अटी जराशा हलवल्या की आलेखही हलतो. म्हणून आमच्यात एक रीत आहे. जिथे उंचवटा अपेक्षित आहे तो आलेखाचा पट्टा आधी झाकून ठेवायचा. अटी ठरवायच्या त्या बाजूच्या भागावरून आणि संगणकाने रचलेल्या खोट्या आकड्यांवरून. सगळ्या अटी लेखी पक्क्या झाल्या की मगच पट्टा उघडायचा. कारण माणसाला हवं ते दिसलं की तो नकळत अटी त्याच्या सोयीने वळवतो. ही रीत माणसाच्या चांगुलपणावर विसंबत नाही, म्हणून मला ती आवडते. वर्गात मी ती पोरांना छाती पुढे काढून शिकवते.

आणि मीच तो पट्टा उघडला. गेल्या वर्षीची गोष्ट. सर्व्हर बदलला होता, प्रोग्रॅम नीट चालतो का ते पाहायचं होतं, आणि पट्टा झाकणारी ती एकच ओळ काढली तर तपासणी लवकर होते, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. मला पाहायचं होतं. इतकी वर्षं शोधते आहे, केस पांढरे झाले, एकदा तरी पाहावं. पाहिला. लहानसा, पण होता. मी पडद्यावरची खिडकी बंद केली, ओळ परत जागेवर टाकली आणि कॅन्टीनमध्ये जाऊन दोन कप चहा प्यायले. कुणी मला बघितलं तर चेहऱ्यावरून कळेल असं वाटत होतं. त्यानंतर दोन आठवड्यांनी एका कोनाची अट ठरवायची होती. तीन आकडे सारखेच योग्य होते. मी मधला घेतला. तो का घेतला, आबा? त्या खोट्या आकड्यांनी तोच सुचवला म्हणून, की त्याने उंचवटा जास्त उठून दिसणार हे मला आतून माहीत होतं म्हणून? मी देवाची शपथ घेऊन सांगू शकत नाही. त्या दुपारनंतर मी घेतलेला एकही निर्णय स्वच्छ आहे असं मला म्हणता येत नाही. पुढे रीतसर पट्टा उघडला तेव्हा उंचवटा चांगला ठसठशीत आला. पोरीने आनंदाने टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या.

तुम्हाला मी हे का सांगते, तुम्ही ओळखलं असेल. मी तुमच्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. प्रात्यक्षिकाची परीक्षा, साधा लंबक, गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. तेव्हा सगळेच रीडिंग जुळवायचे. उत्तर ९८० यायला हवं हे पाठ असायचं, मग तिथून उलटं गणित करून सेकंद लिहायचे. अगदी ९८० आणायचं नाही, संशय येतो, ९७६ आणायचं. या कलेत मी वर्गात पहिली होते. घामाघूम होऊन लंबकाच्या येरझाऱ्या मोजत बसणं मला हलकं काम वाटायचं. बाहेरगावाहून आलेले परीक्षक माझ्या टेबलापाशी थांबतात, वही पाहतात, मान डोलावतात. मग सहज म्हणून टेबलावरचं स्टॉपवॉच उचलून दाबतात. काटा पंधरापाशी येऊन अडकतो. पुन्हा दाबतात, पुन्हा पंधरा. माझ्या वहीत चाळीस सेकंदांपर्यंतची रीडिंगं आहेत, दोन दशांशांपर्यंत. "हे चाळीस सेकंद कोणत्या घड्याळात मोजलेस?" ते विचारतात आणि प्रयोगशाळेतले बाकीचे सगळे लंबक थांबल्यासारखी शांतता होते. तेवढ्यात कपाटाकडून तुमचा आवाज येतो. "साहेब, चूक मनी शे. चांगलं घड्याय मी आत्तेच मागना टेबलले दिन्हं."

मी तुम्हाला त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. परीक्षकांनी सगळ्यांसमोर तुम्हाला झापलं. परीक्षा चालू असताना साहित्य बदलता, काही अक्कल आहे का, म्हणाले. तुम्ही टोपी काढून हातात धरली होती आणि जमिनीकडे पाहत होता. मी तुमच्यापासून चार हातांवर उभी होते. 'हे माझे वडील आहेत' असंही म्हणाले नाही, 'घड्याळ बदललं नव्हतं' असंही म्हणाले नाही. विभागप्रमुखांनी तुम्हाला मेमो दिला आणि त्या वर्षी भांडारपालाची जागा तुम्हाला मिळायची होती ती दुसऱ्याला गेली. मला प्रात्यक्षिकात उत्तम गुण पडले.

मग त्या रात्रीचं घरचं जेवण. आई चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती, मी ताटं घेतली, तुम्ही ठेच्याबरोबर दोन भाकरी नेहमीसारख्या खाल्ल्या. ताटातच हात धुतलेत. मला वाटलं, सुटले. मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ते घड्याय बंद व्हतं, बाई. आन तुले तेबी ठाव नव्हतं. म्हंजे तू त्याले हातबी लावा नही." बस, इतकंच. खोटं लिहिलंस असं म्हणाला नाहीत, माझ्यामुळे मेमो मिळाला असंही नाही. हात लावला नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं होतं. आईने विचारलं, कसलं घड्याळ, तर तुम्ही म्हणालात, काही नाही, कॉलेजातलं. पुढे मी संशोधनाला बाहेर गेले तेव्हा तुम्ही भिंगं पुसायला मऊ सुती कापडाचे दहा-बारा तुकडे दिलेत, आईच्या जुन्या लुगड्याचे, कडा शिवून. मी ते घेतले आणि माफी मागायची पुढच्या खेपेला ठेवली. पुढच्या खेपेला तुम्ही अंथरुणावर होता, त्याच्या पुढच्या खेपेला नव्हता.

आता पुढचं ऐका. कुठलाही निष्कर्ष बाहेर जाण्याआधी, त्या यंत्रावर काम करणाऱ्या आमच्या देशोदेशींच्या गटातली एक समिती तो तपासते. त्यांच्या प्रश्नावलीत एक प्रश्न असतोच: अटी पक्क्या होण्याआधी झाकलेला पट्टा कुणी पाहिला होता का? पोरीने मसुद्यात 'नाही' लिहिलं आणि माझ्या सहीसाठी ठेवलं. तोवर समितीतल्या एकाने खोचकपणे विचारलं, त्या कोनासाठी नेमका हाच आकडा का निवडलात, त्याने उंचवटा फारच सोयीस्कर दिसतो. दोन दिवसांनी पोरगी माझ्या खोलीत आली. शिंदखेड्याकडची आहे, बापाची कोरडवाहू जमीन, घरातली पहिली शिकलेली, इथे बोलताना एकेक शब्द प्रमाण मराठीत तोलून बोलते. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, मी पाहिला होता पट्टा. आधीच. माझं चुकलं."

आबा, मी काय केलं असेल? मी तिला झापलं. पुरती दहा मिनिटं. विश्वास म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, तुझ्यामुळे सगळ्या गटाची मान खाली जाईल. मी बोलत होते आणि आतून सुटल्यासारखं वाटत होतं. दोघींनी पाहिला असेल तर माझं पाहणं लहान झालं, असा काहीसा हिशेब मनात चालला होता. ती मान खाली घालून उभी होती. रडलीसुद्धा नाही. मग चार दिवस ती विभागात आली नाही आणि मला जेवण जाईना. पाचव्या दिवशी, समितीला तिच्याबद्दल काय कळवायचं ते ठरवायला, मी सर्व्हरची नोंद काढली. कुठल्या खात्यावरून कोणती फाइल कधी उघडली, सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं. पट्टा न झाकता चालवलेली एकच नोंद होती. खातं माझं होतं. तिचं नाव त्या यादीत कुठेच नव्हतं.

म्हणजे समितीला उत्तर द्यायला म्हणून तिने ती यादी माझ्याआधीच काढली होती, आणि वाचली होती. आणि मग माझ्या खोलीत येऊन, दार लावून, माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती. आणि मी तिला दहा मिनिटं शिस्त शिकवली होती. त्या खुर्चीत मी किती वेळ बसले माहीत नाही. शिपाई दोनदा डोकावून गेला. मी तिला फोन करून बोलावून घेतलं. आली तेव्हा एसटीची धूळ केसांवर तशीच होती. मी यादी पुढे ठेवली आणि विचारलं, का केलंस हे? तिने यादी दुमडून बाजूला सारली आणि मग तिची प्रमाण भाषा सुटली. "मना तं बठ्ठा जल्म बाकी शे, मॅडम. तुमनं तसं नही ना." तिचा सगळा जन्म पुढे पडला आहे, म्हणून! मला तिच्यासमोर रडू आलं. चांगलंच आलं. ती पाणी आणायला धावली आणि दाराशी अडखळली.

त्याच दुपारी तिला शेजारी बसवून मी समितीला लिहिलं. पट्टा मी पाहिला, अमुक दिवशी, अमुक कारण स्वतःला सांगून. माझ्या विद्यार्थिनीने पाहिलेला नाही. कोनाच्या आकड्यावर माझ्या पाहण्याचा परिणाम झाला की नाही, हे मी सांगू शकत नाही. पाठवायचं बटण दाबायला मला जेवढी भीती वाटली तेवढी कशाचीच वाटली नव्हती. वाटलं होतं की झटकन हाकलून देतील. तसं झालं नाही. त्यांनी थंडपणे कळवलं की अटी आहेत तशाच गोठवाव्यात, यंत्रावर मधल्या काळात जे नवे आकडे गोळा झाले आहेत, जे आमच्यापैकी कुणीही पाहिलेले नाहीत, त्यांच्यावर त्याच अटी लावाव्यात, आणि ते काम विद्यार्थिनीने एकटीने करावं. मी त्या संगणकाजवळ जायचं नाही. न्याय्य आहे. पण न्याय्य असलं म्हणून सोपं होत नाही. आज ती आत आहे आणि मी बाहेर बाकड्यावर वही मांडीवर घेऊन बसले आहे, नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखी. रस्त्यावरून रावेरकडून आलेले केळीचे ट्रक एकामागून एक जात आहेत आणि प्रत्येक ट्रकबरोबर खिडकीची काच थरथरते. तिच्या खुर्चीचा आवाज आला की मी पेन थांबवते. उंचवटा नसेल तर तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. घरचे लग्नासाठी घाई करत आहेत, आणखी तीन वर्षं तिला कोण देणार? ज्या चुकीची शिक्षा तिला भोगावी लागेल ती चूक तिची नाहीच. आणि उंचवटा असेल तरी लोक म्हणतील, हीच ना ती, जिने आधी डोकावून पाहिलं होतं. दोन्हीकडून मी भ्याले आहे. आता आत खुर्ची सरकली. ती उठली आहे. थांबते.

तासाभराने पुन्हा लिहिते आहे. ती दारात आली आणि तिथेच उभी राहिली. चेहऱ्यावरून काही कळेना. मग म्हणाली, "मॅडम, तठे काहीच नही शे." मी आत गेले. आता जायला हरकत नव्हती. आलेख पडद्यावर होता. जिथे तो असायला हवा होता तिथे रेघ बाजूच्या भागासारखीच होती, थोडी वर, थोडी खाली, जशी कुठेही असते. उंचवटा नव्हता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, काम चोख केलंस, आजच समितीला कळव, जसं आहे तसं. तुझ्या प्रबंधाचं आपण बघू. 'इथे नाही' हेही उत्तर असतं, तेही छापता येतं. हे सगळं खरं होतं आणि मी ते मनापासून बोलत होते. ती रडत रडत हसली आणि चहा सांगायला गेली.

तुम्हाला हे पत्र पोचणार नाही, आणि कुणा दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून मी ते वहीतून फाडून टाकणार आहे. पण एक सांगायचं राहिलं. ती चहा सांगायला गेली तेवढ्या वेळात मी त्या पडद्यासमोर एकटी उभी होते, आणि माझ्या मनात आलं, कोनाची अट जराशी सैल केली तर कदाचित दिसेल. मी माउसला हात लावला नाही, आबा. पण किती सैल करायची, तो आकडा माझ्या डोक्यात तयार होता.